बसून केलेलं काम

तक्त्यात एक ओळ आहे :
'बसून केलेलं हलकं काम.'
सात रस्त्याच्या दवाखान्यात
रोज वीसेक माणसांना मी ती दाखवते, पेन टेकवून.
कारकून, शिंपी, गल्ल्यावरचे शेठ
सगळे त्या एका ओळीत मावतात.
'एवढेच उष्मांक जळतात, काका.
चपाती एक कमी, तळ्याला फेरी एक जास्त.'
काका मान डोलावतात
आणि खाली उतरून कोपऱ्यावर भजी खातात.
खिडकीतून दिसतं मला.

मंगळवारी विडी घरकुलात गेले.
अम्मा उंबऱ्याशी, मांडीवर सूप,
भिजलेली पानं, मापाचा पत्रा, कात्री.
माझं घड्याळ काढून तिच्या मनगटाला बांधलं,
उगाच, गंमत म्हणून.
'टैम दिसतो का ह्यात?'
'दिसतो. किती चाललीस तेही दिसतं.'
'मी कुठं चालायलेय गं,'
म्हणत तिनं पान कापलं.

पान, चिमूट, वळण, दुमड, दोरा.
पान, चिमूट, वळण
मध्येच पोश्शव्वा येऊन तिच्या सुनेचं सांगून गेली,
तरी दोरा थांबला नाही.

संध्याकाळी पट्टा सोडला, पाहिलं :
अकरा हजार चारशे पावलं.
दिवसात ती दोनदा उठली होती.
एकदा नळाला पाणी आलं तेव्हा,
एकदा नायनाला वाढायला.
घड्याळ फसलं होतं,
बोटांच्या प्रत्येक झटक्याला पाऊल समजलं होतं.
हजार विड्या. भागून पाहिलं :
एका विडीला अकरा पावलं आणि वर थोडी.
म्हणजे उंबऱ्यात बसल्या बसल्या
अम्मा सिद्धेश्वराला पोचून, पाया पडून
परतीच्या वाटेला लागली होती.

खोटं आहे हे, मला कळतं. शिकलेय मी.
मोठी चूल मांडीत असते, पाठीत असते.
बोटांत नुसती काडेपेटी.
अडतीस वर्षं एकेक काडी ओढली तरी
तक्ता म्हणणार, हलकं काम.

आकडा सांगितला तिला.
ती गुडघे चोळत म्हणाली,
'तरीच. तरीच म्हटलं पाय का दुखायलेत.'

नायनाचं उलटं.
चार मागांमध्ये बारा तास, रात्रपाळी,
ह्या मागाचा तुटला धागा जोडून त्या मागाकडे,
टॉवेलामागून टॉवेल,
कापसाचं पीठ भुवयांवर.
तेव्हा सात भाकऱ्या, वाटीभर शेंगाचटणी, वर तेल,
आणि पोट पाठीला चिकटलेलं.
शेड बंद पडली. आता मंगल कार्यालयाच्या दारात
प्लॅस्टिकच्या खुर्चीवर राखण.
चूल विझली, लाकडं येतच राहिली.
'चाल जरा,' म्हटलं की म्हणतो,
'चालायचे पैसे मिळायचे मला.
आता फुकट कशाला चालू?'

त्या दिवशी मात्र स्वतःच हात पुढं केला.
'बांध. हिचं एवढं झालं, तर माझं बघू.'
विड्यांची पाटी उचलली, दोन्ही हातांनी छातीशी धरली
आणि निघाला कारखान्याकडं,
रस्ताभर दिवसाचं ऊन अजून तापलेलं.

पाऊण तासानं आला.
सदरा पाठीला चिकटलेला.
तांब्या एका दमात रिकामा केला.
'किती?'

पाटी धरलेले हात हलले नव्हते.
घड्याळात वाढली होती
चाळीस पावलं.

पंधरा वर्षं मी माणसांना खरे आकडे सांगतेय.
'तीन हजार,' म्हटलं.
'हं.'

जेवायला बसला.
तिसरी संपली. चौथी कडक भाकरी हातात घेतली,
तिच्याकडं बघत राहिला,
मग कट्टकन मोडून
अर्धी परत टोपलीत टाकली.